जुना कॅनेडियन रेडिओ आणि डीजेचं स्वातंत्र्य: फिरणाऱ्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या कॅनेडियन रेडिओच्या आठवणी काढणारा एक मजकूर सारखा फिरत असतो. सोबत टोरांटोच्या ‘१०५० चम’ या रेडिओ स्टेशनचा जुना लोगो असतो, नाहीतर एखाद्या डीजेची पाच-सहा मिनिटांची क्लिप. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: तेव्हा डीजे आपल्या आवडीची गाणी लावायचा, हातात यादी देणारं कुणी नव्हतं. दोन गाण्यांमध्ये तो मनसोक्त बोलायचा. एएमचा, म्हणजे मध्यम लहरींच्या रेडिओचा, आवाज नैसर्गिक आणि उबदार होता. अमेरिकेच्या सीमेवरच्या विंडसरचं ‘बिग एट’ हे अस्सल कॅनेडियन स्टेशन अख्ख्या अमेरिकेला गाणी ऐकवायचं. आणि १९७१ मध्ये सरकारनं ३० टक्के कॅनेडियन गाण्यांची सक्ती केली, तिथे सगळं संपलं.

ज्यांचा त्या रेडिओवर जीव आहे, त्यांनीच हा मजकूर खोडून काढायला हवा. ज्या गोष्टींमुळे तो रेडिओ तसा वाजत होता त्या यात गायब आहेत, आणि ज्यांनी तो घडवला त्यांची नावंही.

‘डीजे स्वतःच्या आवडीची गाणी लावायचा’

ॲलन वॉटर्स यांनी चम विकत घेतलं १९५४ मध्ये. २७ मे १९५७ ला सकाळी तिथे टॉप ४० सुरू झालं आणि त्याच दिवसापासून ‘चम चार्ट’ही निघू लागला. तो दर आठवड्याला छापून रेकॉर्डच्या दुकानांत फुकट वाटला जाई. टॉप ४० या पद्धतीचा पायाच मुळी बंद यादी हा आहे. थोडीच गाणी, पण पुन्हा पुन्हा. ऐकणाऱ्यानं कधीही रेडिओ लावला तरी थोड्याच वेळात त्याला ओळखीचं गाणं सापडलं पाहिजे, हा हिशेब. डीजेनं आपल्या आवडीचं काढून लावलं की हिशेब कोसळला.

स्टुडिओत प्रत्येक तासाचं एक ‘घड्याळ’ असे: कागदावर वर्तुळ आणि त्याचे वाटे. कुठल्या मिनिटाच्या आसपास पहिल्या दहांतलं गाणं, कुठे वर चढत असलेलं, कुठे जुनं, कुठे जिंगल, कुठे जाहिराती. एका गटातलं गाणं वाजलं की त्याचं कार्ड त्या गटाच्या शेवटी जायचं आणि पुढचं वर यायचं. आज संगणक करतो ते काम तेव्हा कार्डांचा डबा करत होता. डीजेच्या हातात उरायचा तो बोलण्याचा सूर आणि वेळेचं भान.

विंडसरच्या सीकेएलडब्ल्यूवर, म्हणजे बिग एटवर, शिस्त आणखी कडक होती. एप्रिल १९६७ मध्ये तिथे कॅलिफोर्नियाचे रेडिओ सल्लागार बिल ड्रेक यांची पद्धत आली: बोलणं कमी, जिंगल तोकडे, गाणं ताबडतोब. गाणी ठरवायच्या त्या रोझली ट्रॉम्बली. स्विचबोर्ड सांभाळण्यापासून सुरुवात करून १९६८ मध्ये त्या संगीत संचालक झाल्या. दुकानांत काय खपतंय, फोनवर काय मागितलं जातंय आणि सीमेपलीकडच्या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या स्टेशनांवर काय चालतंय, याचा त्या रोज अंदाज घेत. एल्टन जॉनचं ‘बेनी अँड द जेट्स’ हे त्याचं ठळक उदाहरण. अल्बममधलं हे गाणं डेट्रॉइटच्या त्या स्टेशनांवर गाजतंय हे त्यांनी हेरलं आणि बिग एटवर घेतलं. पुढे कंपनीनं ते सिंगल म्हणून काढलं आणि एप्रिल १९७४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. हा निर्णय माइकसमोरच्या एकाही माणसाचा नव्हता. मजकुरात डीजेंची नावं येतात आणि ट्रॉम्बलींचं येत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी चूक.

अपवाद होते. चमवरचे बॉब मॅकअडोरी डीजेही होते आणि संगीत संचालकही. पण निवडीचा अधिकार त्यांना मिळाला तो दुसऱ्या खुर्चीमुळे.

खरं स्वातंत्र्य दुसरीकडे होतं. १ जुलै १९६८ पासून चम-एफएमनं प्रोग्रेसिव्ह रॉक धरलं. तिथे अल्बममधली लांब गाणी निवेदकाच्या पसंतीनं लागत. पुढे ब्रॅम्प्टनच्या सीएफएनवायनं डेव्हिड मार्सडेन यांच्या काळात तीच वाट चालवली. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओवर क्लाइड गिल्मोर यांनी १९५६ ते १९९७ अशी चार दशकं स्वतःच्या संग्रहातल्या तबकड्या ऐकवल्या. मजकूर या तिघांचं स्वातंत्र्य उचलतो आणि एएमच्या आरडाओरड करणाऱ्या डीजेच्या पदरात टाकतो.

‘दोन गाण्यांमध्ये तो मनसोक्त बोलायचा’

हा समज ज्या क्लिपांवरून झाला, त्या कशा बनल्या ते पाहू. स्टुडिओत एक वेगळा कॅसेट डेक असे, त्याला स्किमर म्हणत. त्याची मोटर माइकच्या स्विचशी रिलेनं जोडलेली. माइक उघडला की टेप फिरायची, बंद केला की थांबायची. तासाभराच्या कार्यक्रमातून डीजेचं बोलणं तेवढं काही मिनिटांत गोळा व्हायचं. प्रोग्रॅम डायरेक्टर ते ऐकून चुका काढायचा आणि डीजे तीच टेप दुसरीकडे नोकरी मागताना पाठवायचा. गाणी आणि जाहिराती गाळल्यामुळे आज ऐकताना वाटतं की माणूस अखंड बोलत होता.

अशी क्लिप ओळखायला सोपी आहे. गाण्याचे पहिले काही सेकंद येतात आणि एकदम कट होऊन गाण्याचा शेवट येतो. सांध्यावर टेपचा वेग पकडतानाची छोटीशी ‘व्याँव’ ऐकू येते. असं दिसलं की त्या क्लिपवरून डीजे तासाला किती बोलला हे ठरवू नये. पूर्ण, न कापलेली रेकॉर्डिंग दुर्मिळच. कायद्यासाठी ठेवलेल्या लॉगिंग टेपा मुदत संपली की पुन्हा वापरल्या जात. १९८६ च्या नियमावलीत ही मुदत चार आठवड्यांची आहे.

प्रत्यक्षात बोलणं गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर बसवलं जाई. तबकडीच्या लेबलवर किंवा कार्टवर (टेपच्या डबीवर) आकडा लिहिलेला असे, समजा १४: गायक १४ व्या सेकंदाला सुरू होतो. डीजेनं स्टेशनचं नाव, वेळ आणि एखादं वाक्य त्यात संपवायचं आणि गायकाच्या पहिल्या अक्षराच्या आत तोंड मिटायचं. अर्धा सेकंद पुढे गेला तर गायकावर पाय पडला. दोन सेकंद आधी थांबला तर मध्ये पोकळी. हे कसब फार वरच्या दर्जाचं होतं. त्याला मनसोक्त मात्र म्हणता येत नाही.

मोठ्या स्टेशनांत बरेचदा काचेपलीकडे वेगळा ऑपरेटर असे आणि हा सगळा घट्टपणा त्याच्या हातांवर उभा असे. सात इंची तबकडीचा पहिला सूर शोधायचा, मग ती साधारण पाव ते अर्धा फेरा मागे फिरवून ठेवायची, म्हणजे सूर येईपर्यंत टर्नटेबल ४५ चा वेग पकडतं. कमी मागे घेतली तर गाणं वर घसरत सुरू होतं. तीच तबकडी रोज मागेपुढे केली की सुरुवातीचे खाचे झिजतात आणि तिथे कायमची खरखर बसते. म्हणून पुढे गाणी कार्टवर घेऊ लागले. कार्ट म्हणजे प्लास्टिकच्या डबीतली टोकं जोडलेली टेप. ती स्वतःवरच घसरत फिरते, म्हणून तिच्या पाठीला ग्रॅफाइटचा लेप. वेग सेकंदाला साडेसात इंच. वेगळ्या ट्रॅकवर एक किलोहर्ट्झची खूण असते, ती आली की टेप सुरुवातीला येऊन थांबते. बिघाडही ठरलेले. वाजवून झाल्यावर खुणेपर्यंत फिरू न देता कार्ट मध्येच उपसलं, तर पुढच्या वेळी गाणं अर्ध्यातून सुरू. बहुतेक कार्ट यंत्रांना पुसणारं हेड नसे, त्यामुळे चुंबकी इरेझरवरून नीट न फिरवलेल्या कार्टमध्ये नव्या जाहिरातीखाली जुनी कुजबुजायची. टेपचा जोड न बघता रेकॉर्डिंग केलं तर गाण्याच्या मधोमध आवाज क्षणभर बसायचा.

‘एएमचा आवाज नैसर्गिक होता’

तो आवाज मुद्दाम घडवलेला होता. कॉम्प्रेसर हळू भाग वर ओढायचा, पीक लिमिटर टोकं छाटायचा. त्याचं कारण भौतिक आहे. एएममध्ये खालच्या बाजूचं मॉड्युलेशन (लहरीवर आवाज चढवणं) १०० टक्क्यांपुढे गेलं की वाहक लहर क्षणभर तुटते आणि शेजारच्या स्टेशनांवर फटफट पसरते. वरच्या बाजूला थोडी मोकळीक असते. त्यामुळे स्टेशनं आवाजाची दिशा त्या बाजूला झुकवून, सरासरी पातळी शक्य तितकी वर ठेवून वाजवत. डायल फिरवणारा माणूस जास्त मोठ्यानं वाजणाऱ्या स्टेशनवर थांबतो, म्हणून हा सगळा खटाटोप. काही जण वर थोडा रीव्हर्बही (घुमाराही) घालत. ‘ऊब’ आपल्याला वाटते त्याचं एक कारण साधं आहे: खिशातल्या ट्रान्झिस्टरमधून चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर पडतच नसे.

काही टॉप ४० स्टेशनं तबकड्या दोन-तीन टक्के जास्त वेगानं वाजवत, म्हणजे गाणं चटपटीत वाटतं आणि शेजारचं स्टेशन मंद. पण जुन्या क्लिपमध्ये सूर चढा लागला की लगेच स्टेशनला दोष देऊ नका. घरचा टेपरेकॉर्डरही चुकीच्या वेगाचा असू शकतो. तपासायची रीत अशी: क्लिप स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि विजेच्या घरघरीची रेषा शोधा. कॅनडा-अमेरिकेत ती ६० हर्ट्झवर हवी. ६२ च्या आसपास असेल तर टेपच सुमारे तीन टक्के जास्त वेगात आहे. दोन रेषा दिसल्या, एक नेमकी ६० वर आणि दुसरी बाजूला, तर ६० ची रेषा बहुधा नंतर कॉपी करणाऱ्या यंत्राची. मोजायची ती दुसरी. टेपचा वेग दुरुस्त करूनही गाणं मूळ तबकडीपेक्षा चढं राहिलं, तरच स्टेशननं वेग वाढवला होता असं म्हणावं.

‘बिग एट अस्सल कॅनेडियन’

पत्ता विंडसरचा, लक्ष नदीपलीकडच्या डेट्रॉइटवर, मालक अमेरिकेची आरकेओ जनरल कंपनी, पद्धत कॅलिफोर्नियाची. विदेशी मालकीवर मर्यादा आल्यावर १९७० मध्ये ते कॅनेडियन मालकाकडे गेलं. रात्री ते दूरवरच्या राज्यांत ऐकू येई हे खरं, आणि त्यामागे ५०,००० वॉटच्या जोडीला सूर्यास्त होता. दिवसा आयनांबरातला खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि वरचे थर लहरी परत पाठवतात.

‘१९७१ च्या सक्तीनं सगळं संपवलं’

नियम १८ जानेवारी १९७१ ला लागू झाला. सकाळी ६ ते मध्यरात्र या वेळात एएमवर वाजणाऱ्या संगीतातलं ३० टक्के कॅनेडियन हवं होतं. कॅनेडियन कशाला म्हणायचं, हे चार गोष्टींवर ठरत होतं: संगीतकार, कलाकार, ध्वनिमुद्रणाची किंवा सादरीकरणाची जागा आणि गीतकार. यांतल्या दोन जुळल्या की पुरे. ही मोजपट्टी संगीत-निर्माते स्टॅन क्लीस यांनी तयार केली.

तक्रारींत तथ्य होतं. चार निकषांची पट्टी विचित्र निकालही द्यायची. कॅनेडियन गायक ब्रायन ॲडम्सचा १९९१ चा अल्बम सहलेखक परदेशी असल्यामुळे कॅनेडियन ठरला नाही आणि नंतर नियम सुधारावा लागला. बिग एटचं गाऱ्हाणंही खरं होतं, कारण त्याचे डेट्रॉइटमधले स्पर्धक या नियमाबाहेर होते. आणि बऱ्याच स्टेशनांनी कॅनेडियन गाणी श्रोते कमी असलेल्या वेळांत कोंबली. त्याला, कॅनडाच्या राष्ट्रीय प्राण्यावरून, ‘बीव्हर अवर’ असं नावच पडलं. म्हणजे नियमाचा कंटाळवाणा चेहरा श्रोत्यांनी पाहिला तो काही अंशी स्टेशनांनीच घडवलेला होता.

नियमाआधी देशी गाणी चालत नव्हती असंही नाही. गेस हू या कॅनेडियन बँडचं ‘अमेरिकन वुमन’ १९७० मध्येच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पण घरचं रेकॉर्ड आधी सीमेपलीकडे गाजावं आणि मग इथे लावावं, ही अनेक स्टेशनांची सवय होती. १९६९ मध्ये स्टेशनांनी एकत्र येऊन ‘मेपल लीफ सिस्टिम’ काढली, देशी रेकॉर्डवर आपसांत मतदान करायची. तिचा परिणाम तोकडा ठरला आणि नियम आला.

एएमवरचं संगीत संपवलं ते एफएमनं. स्टिरिओ, खरखर नाही, आणि तेच गाणं. कॅनडात सत्तरच्या दशकातल्या एफएम धोरणानं एफएमवरच्या हिट गाण्यांचं प्रमाण निम्म्यापर्यंत रोखलं, त्यामुळे उलट इथल्या एएम टॉप ४० ला सीमेपलीकडच्यांपेक्षा जास्त आयुष्य मिळालं. डेट्रॉइटच्या एफएमना असा लगाम नव्हता, म्हणून बिग एट लवकर घसरलं. टोरांटोत जे नेल्सन १९६३ पासून १९८० पर्यंत चमवर सकाळचा कार्यक्रम करत राहिले आणि चम चार्ट १४ जून १९८६ पर्यंत निघत राहिला, म्हणजे ३० टक्क्यांचा नियम आल्यावर आणखी १५ वर्षं.