नवी नोकरी आणि घरातलं आजारपण

माझे सासरे बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी नवी मुंबईत ऐरोलीतल्या कंपनीत नुकतीच रुजू झाले होते. इतकी नुकतीच, की गळ्यातलं कार्डसुद्धा तात्पुरतं होतं.

ऑफिसमध्ये रजा मागितली तर उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही नवीन आहात, प्रोबेशनमध्ये रजा नसते." घरी आले तर वन्सं म्हणाल्या, "तुझी नोकरी नवीनच आहे, सोडलीस तरी काय बिघडतंय?" म्हणजे नवीन आहे म्हणून ऑफिसात मला हक्क नाही, आणि नवीन आहे म्हणून घरात माझी नोकरी नोकरीच नाही. दोन्हीकडून मार खायचा तो नवीन माणसानेच.

आधी ऑफिसचं बोलते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, भरपगारी. त्या तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होतात. अगदी लहान दुकानांना हे लागू नाही, पण ऐरोली-घणसोलीच्या काचेच्या इमारतींना आहे आणि प्रोबेशनवाल्यांना त्यात कुठेही वगळलेलं नाही. २४० दिवस भरण्याची अट आहे ती साठवता येणाऱ्या रजेला, दर वीस दिवसांमागे एक मिळते तिला. एचआरवाले या दोन्हींची बेमालूम सरमिसळ करतात आणि नवीन माणूस 'हो सर' म्हणून गप्प बसतो. कलम वाचून मेल टाका. तोंडी बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही. आणि स्वतःला ताप आल्याची थाप मारू नका, ती दुसऱ्या आठवड्यात अंगाशी येते.

पण आठ दिवसांनी होतं काय? खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी पेशंटला उठवून वॉकर धरायला लावतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. हॉस्पिटलात पास एकाच नातेवाइकाला. डॉक्टरांचा राउंड अकराला म्हणाले तर कधी दहाला होतो, कधी एकला. आपण खाली मेडिकलच्या रांगेत असतो नेमके तेव्हाच वर डॉक्टर येऊन जातात. इन्शुरन्सच्या खिडकीवर "अप्रूवल आलं नाही, बसा". डिस्चार्ज सकाळी सांगितला की कागद हातात पडेपर्यंत दिवे लागतात. यातलं एकही काम ऑफिस सुटल्यावर ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उतरून करता येत नाही. ब्युरोतून पेशंटची देखभाल करणाऱ्या मावशी लावता येतात, आम्हीही लावल्या, पण "नातेवाईक कोण?" अशी हाक आली की मावशी सही करू शकत नाहीत.

खासगी नोकरीत आई-वडिलांच्या आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा आपल्याकडे कुठल्याच कायद्यात नाही. ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा, आजारपणाचा भत्तासुद्धा कामगार स्वतः आजारी पडला तरच. उलट २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सांभाळा नाहीतर तुरुंगात जा, पण सांभाळायला रजा मागू नका! ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा रजा मिळते, बिनपगारी का होईना, पण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. अमेरिकेत बारा आठवडे आहेत, तेही बिनपगारीच, पण आधी बारा महिने नोकरी हवी. म्हणजे नवीन माणूस तिथेही लटकला. मला ब्रिटनचं पटतं. पगार कापा, पण खुर्ची राहू द्या.

आता घर. त्या २००७ च्या कायद्यात जबाबदारी मुलांवर आणि नातवंडांवर टाकली आहे. सुनेचं त्यात नावच नाही. घरात मात्र पहिलं नाव तिचंच.

माझा नवरा राज्य सरकारच्या नोकरीत आहे. त्यांची अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात, म्हणून ती घरात मुदत ठेवीसारखी जपली जाते. तिला हात लावायचा विषय कुणी काढलाच नाही. मी काढला. बाबांच्या कॉटशेजारीच काढला, आणि सगळ्यांत आधी बाबाच म्हणाले, "अरे, मग तू घे की रजा!" वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चालायचंच.

माझं मत साधं आहे. ज्याच्या खात्यात रजा जास्त, त्याने आधी घ्यायची. नवीन नोकरीवाल्याने सकाळ-संध्याकाळ बघायचं, रविवार पूर्ण घ्यायचा. जो पगार नुकताच सुरू झालाय तो बंद पाडून कुणाचंच हाड लवकर जुळत नाही. यात बाई-पुरुष आणायचं काही कारण नाही, पण चाळिशीत नोकरी लागलेल्या बाईने ती एकदा सोडली की पुन्हा कोण बोलावतं, हे ज्याने-त्याने आपल्या ओळखीतल्या बायकांना विचारून बघावं.

सध्या नवरा रजेवर आहे आणि वॉकरमागून चालायला माझ्यापेक्षा चांगला शिकलाय. पुढचा आठवडा पुण्याच्या भाऊजींचा. "अर्ज टाकलाय" असं ते फोनवर म्हणाले, तर मी मंजुरीचा स्क्रीनशॉट मागवून घेतला.