ब्लू स्क्रीन आली म्हणून रॅमला खोडरबर घासू नका

‘कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? ब्लू स्क्रीन येते? तुमची रॅम गेली आहे!’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या फिरतोय. ब्लू स्क्रीन म्हणजे विंडोज अचानक कोलमडल्यावर दिसणारी एररची स्क्रीन, आणि रॅम म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरीची पट्टी. पाच मुद्दे, शेवटी ‘गरजूंपर्यंत पोचवा’. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला, चारही वेळा मी सोडून दिला. मग तो मिरजेच्या मावशीकडे पोचला. ती घरी लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. ऐन लग्नसराईत तिचं मशीन चार दिवस बंद राहिलं. आता गप्प बसवत नाही.

मुद्दा पहिला, ब्लू स्क्रीन म्हणजे रॅमच गेली. साफ खोटं. ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर), डिस्क, पॉवर सप्लाय, कशानेही ती येते. मेसेजात तर लिहिलंय की ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ दिसलं की शंभर टक्के रॅम. १९ जुलै २०२४ला जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. त्या दिवशी स्क्रीनवर हाच कोड होता, आणि कारण होतं क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट. ८५ लाख मशीनची रॅम एका दिवसात जाते का?

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक. ‘रॅम काढा, सोनेरी पिना खोडरबराने चकचकीत होईपर्यंत घासा.’ मावशीने नातवाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि घासलं. आधी मशीन दिवसातून दोनदा पडायचं, पण निदान चालू तरी व्हायचं. आता पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आतून टूं-टूं आवाज. दुकानदाराने न बघता फोनवर सांगून टाकलं, ‘रॅम उडाली, नवी घ्या.’ मी गेलो, कॅबिनेट उघडून टॉर्च मारला. स्लॉटमध्ये रबराचा पांढरा भुसा, आणि तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा पिनांपाशी रुतून बसलेला. ब्लोअरने तो उडवला, दोन्ही टोकांना खटका वाजेपर्यंत पट्टी दाबली, आणि मशीन सुरू झालं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. रॅम काढून परत लावली की बऱ्याचदा मशीन खरंच चालू होतं. पण ते पट्टी नीट बसल्यामुळे, श्रेय मात्र रबराला जातं. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, घासून तोच निघतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. हात घालण्याआधी वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावा. लाखो लोकांना मशीन उघडायला सांगणाऱ्या त्या मेसेजात हे एक वाक्य नाही, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

तिसरा मुद्दा, विंडोजमधली रॅमची टेस्ट पास झाली की रॅम ठणठणीत. तसंही नाही. ती नेहमीची टेस्ट लवकर आटोपते. त्यात एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा, किंवा सरळ मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. एरर आली तर आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा स्पीड वाढवणारा पर्याय, बंद करून पुन्हा बघा, वाढवलेल्या स्पीडला अडखळणारी रॅम साध्या स्पीडला नीट चालू शकते. तरीही आली तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. कुठलीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटला येत असेल तर दोष पट्टीचा नसावा, नव्या रॅमवर पैसे घालू नका.

मावशीच्या मशीनवर सकाळपर्यंत चार फेऱ्या झाल्या, एरर शून्य. मग मिनीडंप, म्हणजे प्रत्येक क्रॅशच्या वेळी विंडोज ठेवते त्या नोंदींच्या फाइली, उघडले. सातही क्रॅशमध्ये एकच फाइल, स्वस्तातल्या वाय-फाय डोंगलचा ड्रायव्हर. रॅम खराब असली की क्रॅश सहसा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी होतो. इथे एकच नाव सात वेळा होतं. डोंगल काढला, ड्रायव्हर उडवला, तेव्हापासून मशीन पडलेलं नाही.

‘उन्हाळ्यात रॅम तापून जाते, टेबलफॅन लावा’ हा चौथा. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या दोन संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासून २००९मध्ये निष्कर्ष छापले. तापमानाचा एररवर परिणाम त्यांना फारच थोडा दिसला. मात्र वर्षाला आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत एरर आढळल्या, म्हणजे रॅम बिघडते हे खरंच आहे. त्या सर्व्हरांत चूक पकडून सुधारणारी ईसीसी रॅम होती. आपल्या घरच्या मशीनमध्ये ती बहुधा नसते, त्यामुळे चुकीचा डेटा गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसू शकतो. म्हणून रॅमबद्दल शंका असेपर्यंत विंडोज नव्याने टाकू नका आणि जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका.

पाचवा मुद्दा रॅम क्लीनर ॲपच्या लिंकचा. ॲपने रॅम रिकामी होईल, खराब चिप दुरुस्त होणार नाही. मावशीने ती लिंक अजून दाबली नव्हती. तिच्यासमोरच मी मेसेज डिलीट केला.