मागच्या मोसमाचे गुण विकत मिळत नाहीत

"एफपीएलचा पहिला ड्राफ्ट लावायचे सात सोनेरी नियम, टॉप 10,000 पक्का" असा एक मेसेज व्हॉट्सॅपवर फिरतोय. तो भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर पोचला आणि पोरांनी चांगले लावलेले संघ मोडून नव्याने लावायला घेतले. म्हणून हे लिहायला बसलो. एफपीएल म्हणजे फॅन्टसी प्रीमियर लीग: 100.0 दशलक्ष पौंडांच्या लुटुपुटूच्या पैशात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले 15 खेळाडू घ्यायचे, अकरा खेळवायचे, चार बाकावर ठेवायचे, आणि खऱ्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे गुण मिळतात. ड्राफ्ट म्हणजे मोसमाआधी लावलेला संघ. पुढे 4.0, 11.5 असे भाव येतील ते याच दशलक्षांत.

मेसेजमधले सात नियम थोडक्यात असे. एक, मागच्या मोसमाच्या गुणतक्त्यात वर असलेले खेळाडू डोळे झाकून घ्या. दोन, सगळा पैसा फॉरवर्डवर लावा, पाचही डिफेंडर 4.0 चे घ्या. तीन, ज्याचा भाव आज रात्री वाढणार तो आजच घ्या, चार गुण कापले गेले तरी चालेल, संघाची किंमत वाढते. चार, दोन्ही गोलकीपर भारी घ्या आणि आलटून पालटून खेळवा. पाच, बाकावर कोण बसलंय याने फरक पडत नाही. सहा, वाइल्डकार्ड (गुण न कापता अख्खा संघ बदलायची सोय) दुसऱ्याच आठवड्यात वापरा. सात, हे जमत नसेल तर पैसे भरा, तयार संघ मिळेल, खाली लिंक.

पुढे गुणांचे आणि भावाचे जे नियम सांगितलेत ते एफपीएलच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नियमांच्या पानाप्रमाणे, 2025-26 च्या मोसमाचे आहेत. ते पान वाचायला दहा मिनिटं लागतात. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढीही काढलेली नाहीत, हे दुसऱ्या नियमावरूनच कळतं.

पहिला नियम आधी घेतो, कारण बाकीची गडबड त्यातूनच सुरू होते. गुणतक्ता म्हणजे संपलेल्या मोसमाचा हिशेब. तोच हिशेब बघून पुढच्या मोसमाचा भाव ठरतो. म्हणजे गेल्या वर्षी ज्याने भरपूर गुण दिले, त्याची किंमत तुमच्याकडून आधीच वसूल केलेली असते. मँचेस्टर सिटीचा फॉरवर्ड अर्लिंग हालंड 2022-23 मध्ये 11.5 ला होता. 36 गोल, 272 गुण. प्रत्येक 1.0 मागे साधारण साडेतेवीस गुण पडले. पुढच्या मोसमात भाव 14.0 झाला आणि गुण आले 217, म्हणजे 1.0 मागे साडेपंधरा. त्यापुढच्या, 2024-25 च्या मोसमात भाव 15.0 आणि गुण 181. 1.0 मागे बारा. खेळाडू तोच, क्लब तोच, आणि तक्ता बघून घेणाऱ्याला दर वर्षी माल महाग आणि कमी मिळाला.

रियाद माहरेझचं उदाहरण तर याहून बोलकं. 2015-16 ला लेस्टर विजेता झाला तेव्हा तो 5.5 चा होता आणि त्याने 240 गुण दिले. पुढच्या ऑगस्टमध्ये तो 9.5 चा झाला आणि अख्ख्या मोसमात लीगमध्ये त्याचे सहा गोल झाले. मोहम्मद सलाहने 2024-25 मध्ये 12.5 ला 344 गुण दिले, हा एफपीएलचा विक्रम. पुढच्या मोसमात तो 14.5 ला ठेवला गेला आणि नोव्हेंबर संपता संपता लिव्हरपूलने त्याला बाकावर बसवलं.

आता उलटी बाजू बघा. 2023-24 मध्ये सगळ्यात जास्त गुण कुणाचे? कोल पामरचे, 244. मोसम सुरू झाला तेव्हा त्याचा भाव 5.0 होता आणि तो मँचेस्टर सिटीच्या राखीव खेळाडूंत होता. 1 सप्टेंबर 2023 ला तो चेल्सीत गेला, तिथे रोज खेळायला लागला आणि पेनल्टी त्याच्याकडे आल्या. त्याच्या 22 लीग गोलांपैकी 9 पेनल्टीचे. मागच्या मोसमाचा तक्ता कितीही घोटला असता तरी हे नाव वर सापडलं नसतं.

म्हणून ड्राफ्ट लावताना आधी मिनिटं बघायची. गेल्या मोसमात किती सामने सुरुवातीपासून खेळला, साठाव्या मिनिटाला बाहेर काढतात का, त्याच्या जागेवर क्लबने उन्हाळ्यात नवा माणूस आणलाय का, मॅनेजर बदललाय का. साठ मिनिटं पुरी झाली तर 2 गुण, नाहीतर 1. क्लीन शीटचे (संघाने एकही गोल न खाल्ल्याचे) गुणसुद्धा साठ मिनिटं खेळल्याशिवाय मिळत नाहीत. मग पेनल्टी कोण मारतो ते, आणि तो विकला गेला असेल तर दुसऱ्या नंबरवर कोण. मग कॉर्नर आणि फ्री किक. मग पहिल्या सहा सामन्यांतले प्रतिस्पर्धी. गुणतक्ता या सगळ्यानंतर उघडा, आणि तोही गुण कुठून आले ते बघायला. गोल-असिस्टचे गुण, बोनस (सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे जादा गुण) आणि क्लीन शीट वेगवेगळे काढले की कळतं त्यातलं काय पुन्हा होण्यासारखं आहे.

या पहिल्या नियमात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. सामन्याला सरासरी सात गुण देणारा महागडा फॉरवर्ड दर आठवड्याला कॅप्टन केला तर तो चौदा देतो, आणि मग 14.0 भावही झेपतो. त्यामुळे असा एक घेणं बरोबर आहे. दुसरा तसाच घेतला तर 100.0 पैकी 28 दोघांत अडकले आणि दुप्पट होणार एकाचेच. बाकी 13 जणांना 72 उरतात, म्हणजे सरासरी साडेपाच. तेव्हा दुसरा घ्यायचाच असेल तर दोघांच्या सोप्या लढती वेगवेगळ्या आठवड्यांत आहेत का ते तपासून घ्या.

दुसरा नियम. गोलला फॉरवर्डला 4 गुण, मिडफिल्डरला 5, डिफेंडरला 6. वर मिडफिल्डरला क्लीन शीटचा 1 गुण. म्हणजे या तिघांत एकाच गोलला सगळ्यात कमी गुण फॉरवर्डला. म्हणून जाणते लोक मैदानावर पुढे खेळणारा पण यादीत मिडफिल्डर म्हणून नोंदवलेला खेळाडू शोधतात. ब्रेंटफर्डचा ब्रायन म्ब्यूमो 2024-25 मध्ये 7.0 चा मिडफिल्डर होता; त्याने 20 गोल केले. तो फॉरवर्ड नोंदवला गेला असता तर त्याच गोलांचे 20 गुण कमी मिळाले असते.

आणि पाच डिफेंडर 4.0 चे? 4.0 चा डिफेंडर बहुतेक वेळा राखीव असतो. संघात किमान तीन डिफेंडर खेळवावेच लागतात. म्हणजे दर आठवड्याला तीन जागा शून्यावर सोडायच्या. त्या तिघांना 5.0 चे नियमित खेळणारे केले तर खर्च वाढतो 3.0. नुसतं मैदानात उतरून साठ मिनिटं खेळण्याचे 38 सामन्यांत एकेकाचे 76 गुण होतात. क्लीन शीटचे 4 वेगळे. शिवाय 2025-26 पासून बचावाच्या कामालाही गुण आलेत: डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून 10 केले की 2 गुण. मिडफिल्डर-फॉरवर्डला हा आकडा 12, पण त्यांच्या बॉल रिकव्हरीही (सुटलेला चेंडू परत ताब्यात घेणं) मोजतात. एव्हर्टनच्या जेम्स टार्कोव्स्कीसारखा सतत हेडर मारून चेंडू बाहेर काढणारा सेंटर बॅक त्यामुळे संघ हरला तरी काहीतरी देऊन जातो. पाचपैकी एक 4.0 चा ठीक आहे, तो पाचवा म्हणून बाकावर बसतो. पाचही म्हणणाऱ्याने नियमांचं पान उघडलेलंच नाही.

तिसरा नियम वाचून मात्र डोकं फिरलं. भाव वाढतात हे खरं. पण विकताना नफ्यातला अर्धाच तुमच्या हाती येतो, आणि तोही 0.1 पर्यंत खाली आणून. 7.5 ला घेतलेला 7.6 झाला, विकताना 7.5 च. 7.7 झाला, 7.6. 7.8 झाला तरी 7.6 च. म्हणजे 0.1 मिळायला भाव दोनदा वाढायला हवा, आणि तो 0.1 त्या खेळाडूला विकल्याशिवाय वापरता येत नाही. यासाठी हा मेसेज जास्तीची ट्रान्सफर (फुकटच्या पलीकडची खेळाडूंची अदलाबदल) करून 4 गुण द्यायला सांगतो.

ढोबळ हिशेब करा. 100.0 चा संघ चांगल्या मोसमात 2,400 गुण देतो असं धरलं, तर 0.1 च्या वाट्याला अख्ख्या मोसमात येतात सुमारे अडीच गुण. ते मिळतील न मिळतील, त्यासाठी आज रोख चार द्यायचे. आठवड्याला एक असं दहा आठवडे केलं तर 40 गुण गेले. पोरांच्या लीगमध्ये एवढ्या फरकात पाच-सहा जण असतात.

त्यात घाईचा तोटा वेगळा. भाव वाढेल म्हणून सोमवारी घेतलेला खेळाडू बुधवारी चॅम्पियन्स लीगमध्ये मांडी धरून बसतो आणि तुमची ट्रान्सफर संपलेली असते. फ्री ट्रान्सफर पाचपर्यंत साठवता येतात; थांबण्याचा फायदा नियमातच दिलाय. मॅनेजरांच्या पत्रकार परिषदा बहुतेक शुक्रवारी होतात, दुखापतींची खरी माहिती तिथे कळते. निर्णय त्यानंतर घ्यावा. संघ बदलायची मुदत आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी संपते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराचा सामना पहिला असेल तर भारतात दुपारी साडेतीन, आणि ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं मागे गेली की साडेचार. शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर भारतात रात्री अकरा, हिवाळ्यात बारा. शुक्रवारचे सामने विसरून मुदत हुकवणारे दर मोसमात असतात.

स्वतःला घ्यायचाच आहे, त्याचा सामना मधल्या वारी नाही, आणि 0.1 मुळे पुढचं गणित बिघडणार आहे, एवढं तिन्ही जुळलं तर लवकर घ्या. फ्री ट्रान्सफरमध्ये. गुण कापून कधीही नाही.

चौथा नियम: 5.5 चे दोन गोलकीपर म्हणजे 11.0. एक 5.0 चा खेळणारा आणि एक 4.0 चा राखीव म्हणजे 9.0. उरलेल्या 2.0 मध्ये 6.0 चा मिडफिल्डर 8.0 चा होतो. आणि स्वस्त म्हणजे वाईट असंही नाही; 2024-25 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा माट्झ सेल्स 4.5 ला होता आणि 13 क्लीन शीट घेऊन त्याने आर्सेनलच्या डेव्हिड रायासोबत गोल्डन ग्लव्ह (सगळ्यात जास्त क्लीन शीटचा पुरस्कार) वाटून घेतला.

पाचवा: बाकाने फरक पडतो. मुख्य अकरातला एखादा अजिबात उतरला नाही तरच बाकावरचा आपोआप आत येतो, आणि तो तुम्ही लावलेल्या क्रमाने येतो. म्हणून पहिल्या जागेवर नक्की खेळणारा ठेवा. मुख्य अकरातला नव्वदाव्या मिनिटाला एक मिनिट उतरला, तर तो 1 गुण घेऊन बसतो आणि बाकावरचे आठ गुण वाया जातात. राखीवातून शेवटी उतरणारे महागडे खेळाडू टाळायचे ते यासाठी. कॅप्टनचंही तेच: तो खेळलाच नाही तर व्हाइस कॅप्टनचे दुप्पट होतात, एक मिनिट खेळला तर त्याच्या एका गुणाचे दोन.

सहावा: दुसऱ्या आठवड्यात हाताशी एकच सामना झालेला असतो. क्लबांची खेळाडू-खरेदीची मुदत ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. पामर चेल्सीत कधी गेला ते वर लिहिलंच आहे. ती संपून संघ स्थिरावू द्या. पहिलं वाइल्डकार्ड मोसमाच्या पूर्वार्धात, एकोणिसाव्या गेमवीकपर्यंत (सामन्यांच्या फेरीपर्यंत) वापरायचं असतं. वेळ भरपूर आहे.

सातवा नियम हा या मेसेजचा खरा हेतू. एफपीएल फुकट आहे आणि खेळणारे एक कोटीहून जास्त. विकणाऱ्याने वेगवेगळ्या नावांनी पन्नास संघ लावले, तर एखादा वर येणारच, आणि स्क्रीनशॉट त्याचाच दाखवला जातो. नियमाप्रमाणे एका माणसाला एकच संघ चालतो. कुणी "माझा रँक" सांगत असेल तर संघाचा क्रमांक मागा. गुणांचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की तो पत्त्यात दिसतो, आणि त्यावरून मागच्या सगळ्या मोसमांतलं स्थान कुणालाही बघता येतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली की समजून घ्या. शिवाय तोच "पक्का" संघ पाचशे जणांना विकला असेल, तर त्या पाचशे जणांत तुम्ही पुढे कसे जाणार?

त्याखालची लिंक त्याहून वाईट आहे. "तुमचा संघ आम्हीच चालवतो" म्हणून लॉगिन मागतात, आणि "हेच गुण रोख पैशात बदला" म्हणून एक ॲप उतरवायला सांगतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरकही त्यात ठेवलेला नाही. देशातल्या मोठ्या फॅन्टसी कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. आज असं ॲप कुणी पाठवत असेल तर cybercrime.gov.in वर किंवा 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. लिंकवर पासवर्ड टाकला असेल तर तो आधी बदला, आणि तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तिथेही. ड्राफ्ट त्यानंतर लावा.