वडिलांचं प्रकरण

आज भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी हुशार, मोकळी, नजरेला नजर देऊन बोलणारी. पोहे झाले, निघालो, आणि गाडीत बसल्या बसल्या ताई म्हणते, "मुलगी छानच आहे गं, पण वडिलांचं काहीतरी प्रकरण झालं होतं म्हणे."

माझं डोकं जे फिरलंय ते अजून जाग्यावर नाही.

त्यात घरी येऊन मोबाइल उघडला तर नेमकी ती क्लिप समोर. नेदरलँड्सच्या राणीचं, मूळच्या अर्जेंटिनाच्या मॅक्सिमाचं लग्न, फेब्रुवारी २००२, आम्स्टरडॅमचं चर्च. अर्जेंटिनाचा टँगो वाजतोय, संगीतकार पियाझोलाने स्वतःचे वडील गेल्यावर रचलेला, आणि नवरीच्या गालावरून पाणी ओघळतंय. कारण तिचा बाप तिथे नाही. होर्हे सोरेगिएता, अर्जेंटिनाचा हुकूमशहा व्हिडेला याच्या, माणसं गायब करणाऱ्या लष्करी राजवटीत शेतीखातं सांभाळलेला माणूस. डच संसदेत गदारोळ झाला आणि शेवटी ठरलं की बापाने लग्नाला यायचं नाही. मग आईही आली नाही.

माझ्याही लग्नात काका-काकूंनी कन्यादान केलं. बाबा ज्या पतसंस्थेत होते ती बुडाली होती, कागदांवर त्यांच्या सह्या होत्या. सासरकडून निरोप आला, "त्यांना पुढे बसवू नका." बाबा कार्यालयाच्या दारात, चपलांच्या ढिगापाशी उभे होते. मुठीत अक्षता. मला अंतरपाटावरून दिसत होते.

अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली १९७६ साली. मॅक्सिमा तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती! ब्युनोस आयर्समध्ये वाढली, अर्थशास्त्र शिकली, न्यूयॉर्कला बँकांत नोकऱ्या केल्या. तिने काय करायला हवं होतं?

आणि नवऱ्याच्या घराण्याचं काय हो? त्याचे आजोबा बर्नहार्ड तरुणपणी नाझी पक्षात होते, लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीच्या लाचेत सापडले, १९७६ मध्येच गणवेश उतरवावा लागला. तरी राजवाड्यातच राहिले. (बरं, त्याचे वडील क्लाउस जर्मन म्हणून त्यांच्या लग्नात १९६६ साली धुराचे बॉम्ब फुटले होते. म्हणजे बाहेरून आलेल्यालाच विचारतात, जावई असो की सून.)

हे लिहिताना शेजारच्या काकू आठवल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे पैसे त्याच पतसंस्थेत होते. बाबा म्हणायचे, "मला माहीत नव्हतं." सोरेगिएताही आयुष्यभर तेच म्हणाला. मिखील बाउड नावाच्या इतिहासकाराने चौकशी करून सांगितलं, माहीत नसणं जवळजवळ अशक्य. तिकडे आया पांढरे रुमाल बांधून गायब झालेल्या पोरांना शोधत चौकात फिरत होत्या. त्यांच्यासमोर त्या बापाला मानाच्या खुर्चीत बसवता आलं नसतं. नाहीच. पतसंस्था कुठे आणि ते कुठे, हेही कळतं मला.

पण मॅक्सिमाला कुणी लग्न मोडायला लावलं नाही ना? बाप बाहेर, मुलगी आत, आणि ती सगळ्यांदेखत रडली तर तिला रडू दिलं. २०१३ मध्ये नवरा राजा झाला तेव्हाही बाप तिथे नव्हता. २०१७ मध्ये तो वारला तोवर ती त्याला भेटायला जातच होती.

आमच्याकडे मात्र "काहीतरी प्रकरण म्हणे" एवढ्यावर मुलगीच बाद.

ताई, हे तू वाचशीलच, आणि चिडशीलही. चीड. तुझ्या कन्यादानाला बाबा पाटावर होते, नवं कोरं धोतर नेसून. तेव्हा पतसंस्था बुडायला अजून तीन वर्षं होती, एवढंच. सकाळी मुलीकडच्यांना फोन कर, मुलगी पसंत आहे म्हणून सांग. नाहीतर मी करते.