देवाला तू, आईला तू

आज सकाळी व्हॉट्सॲपवर एक लग्नपत्रिका आली. इंग्रजीत, सोनेरी वळणदार अक्षरांत. 'दाय' उपस्थिती प्रार्थनीय, 'दी' आणि 'दाय' कुटुंबाचं स्वागत, असा सगळा थाट. हीच पत्रिका माझ्या ऐंशीच्या घरातल्या आत्यालाही गेलीय. जुनं इंग्रजी वापरलं की आदर वाढतो, अशी समजूत! अहो, तुम्ही एका वडीलधाऱ्या बाईला 'तू ये, तुझ्या घरच्यांना आण' असं छापून पाठवलंय.

जुन्या इंग्रजीतले 'दाऊ' (thou), 'दी' (thee), 'दाय' (thy) म्हणजे तू, तुला, तुझा. आदराचं 'तुम्ही' होतं ते 'यू'. हळूहळू सगळ्यांनाच 'यू' म्हणायची रीत पडली आणि इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातला 'तू' गेला. उरला तो प्रार्थनेत आणि जुन्या कवितेत, म्हणून आता तो भारदस्त वाटतो. 'इंग्रजीत तू-तुम्ही नाहीच, आपली भाषा किती संस्कारी' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. होतं सगळं. त्यांनी घालवलं.

हे मला आठवीत कळलं. इंग्रजी कवितेच्या तासाला एका मुलाने विचारलं, सर, देवाला 'यू' का नाही म्हणत? सर म्हणाले, "तू विठोबाला काय म्हणतोस? अहो विठोबा, म्हणतोस?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. तीन बोटं दाखवत म्हणाले, "देवाला तू, आईला तू, आणि भांडणात समोरच्यालाही तू. तिन्ही लक्षात ठेवा."

तिसरा 'तू' मला फार उशिरा भेटला. 1603 साली इंग्लंडमध्ये सर वॉल्टर रॅले या दर्यावर्दी दरबाऱ्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजूने एडवर्ड कोक होता. भर न्यायालयात तो रॅलेला म्हणाला, मी तुला 'दाऊ' म्हणतो, राजद्रोह्या! म्हणजे 'दाऊ' हे चक्क क्रियापद होतं. आपलं 'अरेतुरे करणं' जसंच्या तसं! वाचताना अंगावर काटा आला आणि सरांची ती तीन बोटं डोळ्यांसमोर आली.

त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ठरवलं, देवापुढे सगळे सारखे, तर न्यायाधीशालाही 'दाऊ'च म्हणायचं. लोक भडकले. या एका शब्दापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. आणि आपण तो शब्द पत्रिकेवर वेलबुट्टी म्हणून चिकटवतो?

बरं, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये राजालाही 'दाऊ'च आहे, मान्य. मूळ भाषांतलं एकवचन त्यांनी तसंच राखलं. आणि पत्रिका छापणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं, हेही मान्य. भाषा बदलते, हेही मला कोणी शिकवायला नको. 'सिली' म्हणजे एके काळी भाग्यवान, 'नाइस' म्हणजे मूर्ख. 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. म्हणून तर मिठाईच्या दुकानावर 'स्वीटमीट' लिहिलेलं असतं आणि शाकाहारी माणूस बिचकतो. या शब्दांनी घर बदललं, बदलू दे. पण जुना शब्द दागिन्यासारखा घालायचा आणि तो काय बोलतोय हे विचारायचंही नाही, याला मी बदल म्हणणार नाही. कॅफेवाले पाटीवर 'यी ओल्ड' (Ye Olde) लिहितात तेही तसंच. तो 'वाय' नाहीच मुळी. 'थॉर्न' नावाचं जुनं अक्षर होतं, ते लिहिताना 'वाय'सारखं दिसायला लागलं. उच्चार साधा 'द' (the).

आता थोडी शांत झालेय. लिहिता लिहिता आठवलं, सर आम्हा पोरांना अरेतुरे करायचे, पण शाळेच्या शिपायांना कायम 'अहो मामा'. कोणाला काय म्हणायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, इंग्रजीतही आणि मराठीतही. म्हणूनच मला त्या 'दाऊ'चं इतकं लागतं. एवढा जवळचा शब्द हातातून जाऊ देणाऱ्या लोकांवर आज राग नाही, वाईट वाटतंय.

पण पुरता गेलेला नाही म्हणे. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बोलीत 'दा' (म्हणजे 'दाऊ'च) आणि 'दी' टिकून राहिले, आणि तिथल्या शेफिल्ड शहराच्या लोकांना शेजारचे त्यावरूनच 'डी-डा' म्हणून चिडवतात. त्या बाजूला राहणारं कोणी मित्रयादीत असेल तर सांगा ना, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येतं का? आणि कोणाला म्हणतात, नातवंडांना की एकमेकांना?