इराणला दीडशे अब्ज डॉलर ‘दिले’ कोणी?

इराणच्या अणुकार्यक्रमाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. बराक ओबामा यांनी २०१५ च्या करारात (इराण एका बाजूला आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया व चीन दुसऱ्या बाजूला, असा हा अणुकरार होता) इराणला दीडशे अब्ज डॉलर देऊन टाकले. इराणने त्या बदल्यात काहीच सोडले नाही. उलट दहा वर्षांनी बॉम्ब बनवण्याचा परवाना पदरात पाडून घेतला. आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी करार मोडून निर्बंध लादले तेव्हा कुठे इराणला लगाम बसला, असा त्याचा एकंदर आशय असतो. यातील बहुतेक विधानांत सत्याचा थोडाफार अंश असल्यामुळे ती पटकन पटतात. घटना तारखांच्या क्रमाने मांडल्या, तर मात्र शेवटचे विधान जवळजवळ उलटे ठरते.

प्रथम पैशाविषयी. ही रक्कम अमेरिकी तिजोरीतून गेलेली नव्हती. इराणने विकलेल्या तेलाचे पैसे निर्बंधांमुळे परदेशी बँकांत अडकून पडले होते. भारताने घेतलेल्या तेलाच्या किमतीचा एक भागही त्या काळात यूको बँकेतील रुपयाच्या खात्यात जमा होत असे. करारामुळे ही मालमत्ता मोकळी झाली, इतकेच. शिवाय दीडशे अब्ज हा अंदाजांतील सर्वांत वरचा आकडा होता. चिनी प्रकल्पांत गुंतलेला पैसा आणि बुडीत कर्जे वजा केल्यास इराणच्या हाती पन्नास अब्ज डॉलरांहून थोडेसेच अधिक लागतील, असे अमेरिकेचे तत्कालीन अर्थमंत्री जॅक ल्यू यांचे म्हणणे होते. विमानाने रोख रक्कम पाठवल्याची जी गोष्ट सांगितली जाते ती खरी आहे, पण तो व्यवहार वेगळा होता. इराणचे तेव्हाचे राजे शाह यांच्या राजवटीने १९७९ पूर्वी शस्त्रांसाठी अमेरिकेकडे भरलेले, पण शस्त्रे न मिळालेले ४० कोटी डॉलर आणि त्यावरील व्याज असा एकूण १.७ अब्ज डॉलरांचा तो दावा हेगच्या लवादासमोर अनेक वर्षे पडून होता. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकी कैदी इराणमधून बाहेर पडेपर्यंत रोख रक्कम रोखून धरली होती, हे परराष्ट्र खात्याने पुढे मान्य केले. ओबामा प्रशासनाने ही बाब सुरुवातीला झाकली, हा आक्षेप रास्तच आहे.

इराणने काहीच सोडले नाही, हे विधान तर कागदावरही टिकत नाही. युरेनियम समृद्ध करणाऱ्या, म्हणजे त्यातील उपयोगी अंश वाढवणाऱ्या, सुमारे १९ हजार सेंट्रिफ्यूज यंत्रांपैकी ६,१०४ जागेवर राहिली आणि त्यांतील ५,०६० यंत्रांनाच समृद्धीकरणाची परवानगी उरली. डिसेंबर २०१५ मध्ये अकरा टनांहून अधिक समृद्ध युरेनियमयुक्त साहित्य जहाजाने रशियाला गेले, अराक येथील अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट ओतले गेले, आणि डोंगराखालच्या फोर्दो येथे समृद्धीकरण थांबले. साठा ३०० किलोच्या आत आणि समृद्धीची पातळी ३.६७ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन होते. ही मर्यादा किती मोलाची होती, हे समजण्यासाठी एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. नैसर्गिक युरेनियमात उपयोगी समस्थानिक (युरेनियम-२३५ हा प्रकार) जेमतेम ०.७ टक्के असते, तर बॉम्बसाठी ते सुमारे ९० टक्क्यांपर्यंत न्यावे लागते. मात्र या वाटेवरचे सर्वाधिक श्रम आरंभीच खर्ची पडतात, आणि २० टक्क्यांवर पोहोचेपर्यंत नऊ दशांश काम उरकलेले असते.

‘दहा वर्षांचा परवाना’ हे करारातील मुदतींचे सोयीस्कर वाचन आहे. सेंट्रिफ्यूजच्या संख्येवरील मर्यादा दहा वर्षांची होती, समृद्धीची पातळी आणि साठा यांवरील पंधरा वर्षांची, सेंट्रिफ्यूजच्या सुट्या भागांच्या उत्पादनावरील देखरेख वीस वर्षांची, तर युरेनियमच्या खाणींपासूनच्या उत्पादनावरील पंचवीस वर्षांची. अण्वस्त्र कधीही न मिळवण्याच्या वचनाला मुदतच नव्हती. पंधरा वर्षांनी इराण औद्योगिक प्रमाणावर समृद्धीकरण करू लागेल ही टीकाकारांची चिंता मात्र खोटी नव्हती, आणि क्षेपणास्त्रे करारात आलीच नाहीत हेही खरे.

आता मुख्य मुद्दा : निर्बंधांनी लगाम बसला का? सुरक्षा परिषदेने डिसेंबर २००६ ते जून २०१० या काळात निर्बंधांचे चार ठराव केले, आणि त्याच वर्षांत इराणची सेंट्रिफ्यूज काही शेकड्यांवरून हजारोंवर गेली. २०१२ मध्ये युरोपने तेलखरेदी थांबवली आणि अमेरिकेने बँकव्यवहारांची कोंडी केली, तेव्हा तेलनिर्यात निम्म्याच्या आसपास घसरली. ओमानच्या मस्कतमधील अमेरिका-इराण गुप्त बोलणी आणि नोव्हेंबर २०१३ चा जिनिव्हातील अंतरिम करार यांमागे या कोंडीचाही हात होता. निर्बंध निरुपयोगी होते असे म्हणण्याचे कारणच नाही. पण ते उठवण्याची तयारी समोर ठेवली गेली तेव्हाच सेंट्रिफ्यूज कमी झाली.

८ मे २०१८ रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली. तोवर इराण मर्यादा पाळत असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे अहवाल सांगत होते, आणि त्यानंतरही सुमारे वर्षभर सांगत राहिले. निर्बंध या वेळी अधिक कडक होते. भारतानेही मे २०१९ पासून इराणी तेल घेणे बंद केले. जुलै २०१९ मध्ये इराणने साठ्याची मर्यादा ओलांडली. जानेवारी २०२१ च्या आरंभी, ट्रम्प पदावर असतानाच, फोर्दो येथे २० टक्क्यांचे समृद्धीकरण सुरू झाले. एप्रिलमध्ये नतान्झ येथील समृद्धीकरण केंद्रातील घातपातानंतर ते ६० टक्क्यांवर गेले. पुढची बहुतेक वाढ जो बायडेन यांच्या कारकिर्दीतील आहे, आणि चीनला जाणाऱ्या इराणी तेलाकडे त्यांनी काणाडोळा केला, हा आरोप निराधार नाही. तरीही करार लागू असता तर हा साठा नियमाने शून्य असायला हवा होता. जून २०२५ मध्ये इस्रायलने हल्ला केला तेव्हा ६० टक्क्यांचे युरेनियम ४४०.९ किलो असल्याचा संस्थेचा अंदाज होता. पुढे समृद्ध केल्यास एका बॉम्बला सुमारे ४२ किलो पुरते, असा तिचाच ठोकताळा आहे. समृद्धीकरण वाढवण्याचा निर्णय तेहरानचा होता आणि त्याचा दोष अन्य कोणावर ढकलता येणार नाही. पण लगाम बसल्याची ही लक्षणे नव्हेत.

कराराला दात नव्हते, असेही याच युक्तिवादाच्या शेपटाला जोडले जाते. इराणने करार मोडल्यास कोणाही सहभागी देशाला संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध परत आणता येतील आणि रशिया किंवा चीनचा नकाराधिकार त्याआड येणार नाही, अशी तरतूद कराराला मान्यता देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २२३१ मध्ये होती. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांनी २८ ऑगस्ट २०२५ रोजी ती वापरली. ती लांबवण्याचा रशिया आणि चीनचा प्रयत्न फसला, आणि महिनाभराने निर्बंध पुन्हा लागू झाले. अमेरिकेने हेच ऑगस्ट २०२० मध्ये करू पाहिले होते. तेव्हा सुरक्षा परिषदेच्या पंधरापैकी तेरा सदस्यांनी, ज्यांत ब्रिटन आणि फ्रान्सही होते, ते अमान्य केले. करारातून बाहेर पडलेल्या देशाला हा अधिकार उरलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.