ते गाणं आधी तिचं आहे

आज ऑफिसमधून येताना गाडीत 'हाउंड डॉग' लावलं, बिग मामा थॉर्नटन या काळ्या अमेरिकन ब्लूज गायिकेचं, तर मागे बसलेला कलीग म्हणतो, "काय वाट लावलीये एल्विसच्या गाण्याची." डोकंच फिरलं माझं. अरे, तिने 1952 मधे रेकॉर्ड केलंय ते, 1953 मधे आर अँड बी (म्हणजे तेव्हाच्या काळ्या लोकांच्या संगीताच्या) चार्टवर 7 आठवडे एक नंबरला होतं, एल्विसचं आलं 1956 मधे!

आणि नुसतं आधी-नंतरचं भांडण नाहीये हे. ऐतखाऊ बाप्याला घरातून हाकलणाऱ्या बाईचं गाणं आहे ते. एल्विसच्या गाण्यात खराच कुत्रा आहे, ससा न पकडणारा. बाईचा रागच गायब.

माझ्या मावशीला इंग्रजी येत नाही. एकदा तिच्याकडे मोबाईलवर हे लावलं होतं, ती पोळ्या लाटत होती, मधे गिटार सुरू झाली आणि थॉर्नटन त्यावर ओरडायला लागली तसं मावशीचं लाटणं थांबलं. म्हणाली, "कोणाला हाकलतेय गं ही?" एक शब्द कळला नव्हता तिला! शेवटी बँडवाले भुंकायला लागले तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होती.

हो, मान्य, गाणं लिहिलं लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी. आणि दुसऱ्याचं गाणं गाण्यात वाईट काही नाही, ओटिस रेडिंग या गायकाचं 'रिस्पेक्ट' अरीथा फ्रँकलिनने कुठच्या कुठे नेलं. पण तिथे ओटिसला कोणी विसरलं नाही ना. इकडे गोरा पॅट बून काळ्या लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' इस्त्री मारल्यासारखं गातो आणि पॉप चार्टवर त्याच्याही वर जातो, चीडच येते.

एल्विसवर राग नाहीये माझा, कॉलेजमधे मीही फिदा होते त्याच्यावर. पण थॉर्नटन सांगायची, या गाण्याचा तिला 500 डॉलरचा एक चेक मिळाला, बास. 'बॉल अँड चेन' तिने स्वतः लिहिलं, तेही लोकांना जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या रॉक गायिकेचं वाटतं. 1984 मधे लॉस एंजेलिसच्या एका बोर्डिंग हाऊसमधे गेली ती, 57 वर्षांची.

मगाशी मावशीला फोन केला. तिला आठवत होतं. "ती हाकलणारी ना? पैसे मिळाले का गं तिला नीट?" मी 500 चं सांगितलं. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, लाव परत, मी फोन धरून बसते.